ठेवू की काढू?

"आजोबा, तुमचं आमच्यापेक्षा कोळ्यांवर जास्त प्रेम होतं का?"

हा प्रश्न मी अख्ख्या शाळेसमोर विचारला, माइक हातात घेऊन. पण तो माझ्या डोक्यातून निघालेला नाही. झैनब मुकादम आणि प्रचिती बेंडल या माझ्या दोन मैत्रिणींनी तो विचारायची पैज लावली होती. हरले तर महिनाभर त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या, जिंकले तर त्या मला 'म्यूट इरा' म्हणणं कायमचं बंद करणार.

तसं ते नाव मला आता लागूही पडत नव्हतं. गेल्या जूनपर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. मग विज्ञान मंडळाच्या नाटकात सूर्य होणाऱ्या मुलीला कांजिण्या आल्या आणि तो पिवळा झगा नेमका माझ्या मापाचा निघाला. सूर्याला पुटपुटून चालत नाही. त्या दिवशी सुटलेला माझा आवाज अजून परत आत गेलेला नाही, असं आई म्हणते. ती हे कौतुकाने म्हणते की वैतागून, ते त्या दिवशीच्या तिच्या कामावर अवलंबून असतं.

तर सन २०६३, जानेवारीतला एक शुक्रवार, देवरुखची आमची शाळा. 'शास्त्रज्ञ आपल्या भेटीला' हा कार्यक्रम चालू होता आणि भिंतीएवढ्या पडद्यावर माझे आजोबा होते, डॉ. यशवंत शिगवण. दोन वर्षांपासून ते आंबोलीच्या घाटातल्या एका प्रयोगकेंद्रात राहतात. आमच्या घरापासून बसने चार तास. पण या दोन वर्षांत ते एकदाही घरी आलेले नाहीत. फोनवर 'येतो, येतो' म्हणतात आणि मग माझ्या अभ्यासाचं विचारतात.

गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक, की घरातले कोळी काढले म्हणून शिगवणांचा म्हातारा रुसून गेला. उरलेली गोष्ट फक्त मला माहीत होती. मला आणि राखण्याला.

राखण्या म्हणजे आमचा घरसांभाळ्या यंत्रमानव. गुडघ्याएवढा, सहा चाकांचा, पुढे हत्तीसारखी सोंड. गावाला राखणदार असतो, मग घराला का नको, असं म्हणत आजोबांनीच त्याचं बारसं केलं होतं. केर काढणं, गळती शोधणं ही त्याची कामं. आणि घरात एखादा जीव दिसला की जवळ जे कुणी असेल त्याला तो विचारतो, "ठेवू की काढू?" आपण जे उत्तर देऊ, ते तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून स्वतःच ठरवतो. असा तो शिकत जातो.

आमचं घर जांभ्याच्या दगडाचं. आजोबांच्या खोलीला लागून एक न्हाणीघर आहे, त्याची एक भिंत त्यांनी मुद्दाम गिलावा न करता ठेवली होती. त्या भिंतीच्या भेगांमध्ये त्यांचे अकरा चाबूककोळी राहायचे. हे नाव आजोबांनी ठेवलेलं. गावात त्याला कुणी नावच दिलेलं नव्हतं, दिसला की झाडू यायचा. प्रत्येकाच्या पाठीवर आजोबा नेलपॉलिशचा एक ठिपका लावायचे, म्हणजे कोण कोण ते कळावं. बाटल्या माझ्या असायच्या. पण मी त्या दाराबाहेरूनच द्यायचे. आत पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

सकाळी चहाला बसताना आजोबा हजेरी घ्यायचे. निळी घरी आहे. मोरपिशीने कात टाकली. नारिंगी आज भेगेच्या दाराशी बसलीय, बहुतेक झुरळाची वाट बघतेय. बाबा पेपरमागून हसायचे, आई म्हणायची, चहा गार होतोय. मला त्या हजेरीची इतकी सवय झाली होती, की ती कधी थांबेल असं मनातही आलं नव्हतं.

मी बारा वर्षांची होते, एप्रिल महिना होता. आमच्या न्हाणीघरातला नळ बिघडला म्हणून नाइलाजाने आजोबांच्या न्हाणीघरात गेले. घरात कुणी नव्हतं. बादलीच्या वरच्या भिंतीवर ताटलीएवढं काहीतरी चपटं पसरलेलं होतं. पाय संपता संपत नव्हते. पाठीवर पांढुरकी पिल्लं दाटीवाटीने बसलेली, आणि ती सगळी एकदम हलली.

मी किंचाळले. राखण्या धावत आला आणि त्याने विचारलं. मी म्हणाले, काढ. हे काढ, सगळे काढ, घरात जेवढे आहेत तेवढे काढ. वर असंही म्हणाले, की हे मी सांगितल्याची नोंद पुसून टाक.

संध्याकाळी आजोबा परतले तेव्हा भिंत मोकळी होती. एवढंच नाही, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातले लांब पायांचे कोळी, खिडकीतले टुणटुण उड्या मारणारे इवले कोळी, सगळे गेले होते. आजोबांनी कुणालाही काही विचारलं नाही. मे महिनाभर ते रोज सकाळी टॉर्च घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहायचे आणि मग हजेरी न घेताच चहा प्यायचे. जूनमध्ये आंबोलीचं बोलावणं आलं आणि ते गेले. बाबांनी न्हाणीघराला कुलूप लावलं. त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

आता कळलं ना, तो प्रश्न विचारणं मला इतकं जड का गेलं ते?

प्रश्न ऐकून आजोबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. म्हणाले, याचं उत्तर शेवटी देतो, आधी बाकीचे प्रश्न घेऊ. प्रचिती माझ्या कानात म्हणाली की अर्धीच पैज जिंकलीस.

मग तिनेच पुढचा प्रश्न विचारला. आंबोलीत तुम्ही नेमकं करता काय?

आजोबा खुलले. म्हणाले, चंद्रावर जमिनीखाली लांबच लांब गुहा आहेत. फार पूर्वी तिथे लाव्हारस वाहिला, वरचा थर थिजला, आतला रस वाहून गेला आणि पोकळ नळी उरली. या लाव्हानळ्यांमध्ये (लाव्हारस वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्यांमध्ये) माणसाला उद्या घर करता येईल, कारण तिथे उल्कांचा मारा नाही आणि ऊनही नाही. पण आत मिट्ट काळोख. तिथे यंत्र पाठवायचं, तर त्याला डोळ्यांचा उपयोग किती? म्हणून आम्ही काळोखातल्या उस्तादाची शिकवणी लावली.

पडद्यावर चित्र आलं. चाबूककोळी. सभागृहभर "ईईई" झालं आणि पहिल्या रांगेतल्या मुलांनी पाय वर घेतले. मी डोळे मिटले नाहीत, पण पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

आजोबा शांतपणे म्हणाले, पाय मोजा. आठ. म्हणजे हा अष्टपाद (आठ पायांच्या प्राण्यांच्या गटातला, कोळी, विंचू, गोचीड हे त्याचे नातेवाईक). पण चालतो सहाच पायांवर. पुढचे दोन पाय चाबकासारखे लांब आणि बारीक झालेत. ते चालायला नाहीत, चाचपायला आहेत. त्यांच्या टोकांवर संवेदक केस (जाणीव टिपणारे केस) असतात. त्यांनी तो स्पर्श ओळखतो आणि वासही घेतो. समजा, तुमची बोटं हाताच्या पाचपट लांब आहेत आणि बोटांच्या टोकांना नाकं फुटलीत.

याला विष नाही. नांगी नाही. जाळं विणायचे धागेही नाहीत. तोंडापुढचे काटेरी हात झुरळं धरायला असतात. माणूस दिसला तर हा भेगेत पळतो, कारण त्याच्या दृष्टीने आपण डोंगराएवढे.

झैनबला राहवलं नाही. तिने विचारलं, मग आम्हाला भीती का वाटते?

"कारण भीती आधी धावते आणि ओळख मागून चालत येते," आजोबा म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यांनी टिपलेली बातमी मेंदूत दोन वाटांनी जाते. एक आडवाट, भरभर. ती थेट मेंदूतल्या बदामाएवढ्या भयकेंद्राला (धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाला) जाऊन सांगते, पाय पुष्कळ आहेत, पळ. दुसरी वाट लांबची. ती नीट बघते, मोजते, आठवते, मग सांगते की अरे, हा तो निरुपद्रवी आहे. पण तोवर आपण किंचाळून मोकळे झालेलो असतो. शिवाय मेंदूला सामान्यीकरणाची (एकावरून सगळ्यांना तसंच धरण्याची) खोड असते. एक विंचू चावला की सगळे आठ पायवाले वैरी.

"घरातल्या यंत्रांनाही आपण नेमकं हेच शिकवतो," ते म्हणाले. "ती आपल्या किंकाळीवरून शिकतात. यंत्राला भीती वाटत नाही, ते आपली भीती पाठ करतं."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पडद्यावरून कुणाकडे बघताहेत ते कळतच नाही म्हणा.

पण भीती वाईट नाही, असंही त्यांनी बजावलं. आपल्याकडचा लाल विंचू खरोखर जीवघेणा असतो. त्याच्यापासून लांबच राहायचं, आणि अनोळखी कशालाही उगाच हात लावायचा नाही. भीती असावी, फक्त ती शिकलेली असावी.

शेवटी ते माझ्या प्रश्नाकडे आले. म्हणाले, चाबूककोळ्याची एक गंमत आमच्या यंत्राला अजून जमलेली नाही. तो रोज काळोखात भेगेतून बाहेर पडतो, फिरतो, आणि पहाटे स्वतःच्याच भेगेत परत येतो. मी माझे काही कोळी उचलून दहा मीटर लांब नेऊन सोडले होते. दोन दिवसांत परत आले. चाबकाची टोकं झाकली, तर मात्र वाट चुकले. म्हणजे वाटेवरचे वास आणि स्पर्श यांचा नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. दहाच्या पुढे किती लांबून येऊ शकतात, ते मोजायचं राहून गेलं, आणि इथल्या जंगलातले कोळी उचलायची परवानगी नाही. ते कळलं असतं, तर गुहेत यंत्र किती आत पाठवावं याचा काही अंदाज बांधता आला असता.

"आता इराचं उत्तर," ते म्हणाले. "प्रेम मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, बाळा. पण इथेही भिंती आहेत, भेगा आहेत, चाबूककोळी तर ढिगाने आहेत. तरी रोज सकाळी चहाच्या वेळी मला तुमच्या घराचा वास येतो."

टाळ्या झाल्या. झैनब म्हणाली, पैज जिंकलीस. मी मान हलवली. 'तुमच्या घराचा' हे मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

घरी आले तेव्हा आई फोनवर कुणाला तरी सोमवारची वेळ देत होती. न्हाणीघराची भिंत लिंपायला माणसं येणार होती. भेगा बुजवून वर गुळगुळीत पांढरा थर, म्हणजे खोली सामान ठेवायला तरी उपयोगी पडेल. ती भिंत बुजली, की आजोबांना परत यायला या घरात काही उरणार नव्हतं.

मी राखण्याला ओट्यामागे गाठलं. दोन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल त्याला आठवतो का, असं विचारलं. त्याने सांगितलं, आदेश कुणी दिला ती नोंद पुसली आहे, काय केलं ती नोंद आहे.

"काय केलंस?"

"न्हाणीघरातून अकरा जीव सोंडेने ओढले. खोक्यात घातले. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी करवंदीच्या जाळीखाली सोडले. अंतर बावीस मीटर."

"सोडले? मारले नाहीस?"

"आदेश काढण्याचा होता. मारण्याचा नव्हता."

मी त्याची सोंड धरली. "दोन वर्षं हे सांगितलं का नाहीस?"

"दोन वर्षांत कुणी विचारलं नाही," राखण्या म्हणाला.

त्याने सोडतानाचे फोटो दाखवले. अकरा पाठी, अकरा ठिपके. त्यात नारिंगी स्पष्ट दिसत होता. ती बाटली मला चांगली आठवते. ती मी जत्रेत घेतली होती आणि आजोबांनी ती या घटनेच्या फक्त आठ दिवस आधी पहिल्यांदा उघडली होती.

दिवेलागणीला आई तुळशीपाशी होती, बाबा अजून यायचे होते. मी खुंटीवरची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आजोबांसारखाच टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला, कारण लाल उजेड या मंडळींना फारसा दिसत नाही. राखण्याला उंबऱ्याबाहेर थांबायला सांगितलं. तो थांबला, पण सोंड आत घातलीच.

न्हाणीघरात बंद खोलीचा ओलसर वास होता. मी एकेक भेग बघत गेले. जमिनीलगतच्या मोठ्या भेगेच्या तोंडाशी काहीतरी लटकत होतं. पातळ, पोकळ, पिवळट, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. कात. हे प्राणी वाढताना जुनं कवच टाकतात, तसं टाकलेलं पूर्ण कवच, पायांसकट. त्याच्या पाठीवर एक ठिपका होता. नारिंगी.

मी तिथेच उकिडवी बसले आणि सूर्याच्या आवाजात नाही, माझ्या जुन्या आवाजात, मनातल्या मनात हिशोब मांडला. सोडताना फोटोत ठिपका पाठीवर होता. म्हणजे कात त्यानंतर टाकली. आणि कात इथे, या बंद न्हाणीघरात आहे. म्हणजे नारिंगी बावीस मीटर चालून, पऱ्याच्या काठावरून, अंगणातून, पायऱ्या चढून, पाणी जायच्या भोकातून आत आली होती. ही मंडळी वर्षभरात कात टाकतातच, म्हणजे हे जवळपास दोन वर्षांपूर्वीच घडलं असणार. आम्ही सगळे रिकाम्या भिंतीचं दुःख करत होतो, तेव्हा ती कुठल्या तरी वाटेवर होती, नाहीतर पोचलीसुद्धा होती. दाराला मात्र कुलूप लागलेलं होतं.

तेवढ्यात भेगेतून एक चाबूक बाहेर आला. मग दुसरा. मग ती स्वतः. पाठीवर पिल्लं होती.

माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. आडवाटेवरून बातमी पोचली होती. गळतीचा थेंबही ऐकणाऱ्या राखण्याच्या सोंडेला ते लगेच कळलं.

"ठोके एकशे बत्तीस. ठेवू की काढू?"

"थांब," मी म्हणाले. "लांबच्या वाटेने येतेय मी."

मी पाय मोजले. आठ. चालायचे सहा. नांगी नाही. काटेरी हात झुरळांसाठी. पिल्लं पाठीवर, कारण ती अजून फार कोवळी असतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आई त्यांना वागवते. प्रत्येक गोष्टीला नाव दिलं, तसतशी ती आपापल्या जागी बसत गेली. ही नारिंगीच की तिची लेक, ते मला सांगता येणार नाही, कारण ठिपका कातीबरोबर गेला. शास्त्रज्ञाने माहीत नसलेलं माहीत आहे म्हणू नये.

तिचा एक चाबूक हवेत फिरला. भिंत चाचपली, साबणदाणी चाचपली, माझ्या चपलेचं टोक चाचपलं. मग माझ्या अंगठ्याला लागला. लागला म्हणजे किती, तर पापणीचा केस गालावर पडावा इतका. मी हलले नाही.

आणि मला आजोबांचा हात आठवला. सकाळी उठल्यावर ते डोळे न उघडता चष्मा शोधायचे. बोटं उशीवरून फिरायची, घड्याळाला लागायची, तांब्याला लागायची, आणि लहानपणी मी त्यांच्याजवळ झोपलेली असले तर शेवटी माझ्या डोक्यावर येऊन थांबायची. चष्मा राहायचा बाजूलाच. म्हणायचे, हं, घर सापडलं.

तिने चाबूक मागे घेतला आणि पिल्लांवरून हळूच फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"ठोके चौऱ्याण्णव," राखण्या म्हणाला. "ठेवू की काढू?"

"ठेव. आणि या वेळी नोंद पुसू नकोस. कुणी सांगितलं ते नीट लिही."

त्याने लिहिलं. इरावती शिगवण. ठेवले.

शनिवारी सकाळी आई-बाबा चहाला बसले, तेव्हा मी मिठाईचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला. आत कापसावर ती कात होती. मी म्हणाले, मला सगळं एका दमात सांगू द्या, मध्ये बोललात तर माझा धीर जाईल. आणि सांगितलं. नळ बिघडला तिथपासून.

आईने कप खाली ठेवला. ती बाबांकडे बघत म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं, तूच काढायला लावलेस. तुला त्यांचा त्रास व्हायचा म्हणून."

"आणि मला वाटलं, तू," बाबा म्हणाले. "तुला वाईट वाटू नये म्हणून विचारलं नाही."

मग ते दोघंही माझ्याकडे बघायला लागले. रागावतील असं वाटलं होतं. आईने फक्त डबा जवळ ओढला आणि तो ठिपका खूप वेळ बघितला. म्हणाली, हा तुझ्या त्या जत्रेतल्या बाटलीचा रंग ना. बाबांनी विचारलं, हे त्यांना फोनवर सांगू या का आत्ताच?

"नाही," मी म्हणाले. "फोनवर ते 'बरं बरं' म्हणतील आणि अभ्यासाचं विचारतील. सोमवारी भिंत लिंपायची नाही, माणसांना मी नको म्हणून सांगितलंय. न्हाणीघराला कुलूपही नाही लावायचं. आणि दहाच्या बसने मी आंबोलीला चाललेय. आजोबांना आधी सांगणार, की काढायला मी सांगितलं होतं. मग त्यांच्या हातावर ही कात ठेवणार आणि सांगणार, की दहा नाही, बावीस मीटर, लिहून घ्या, तुमचं यंत्र चंद्रावरच्या गुहेत आणखी आत पाठवता येईल. आणि मग सकाळच्या हजेरीला माणूस हवाय म्हणून त्यांना घेऊन येणार. मी आपली तीन तिकिटं काढलीत. परतीची चार आहेत."